निळ्या छत्रीची खूण

"पत्ता काय टाकू?" अंजलीनं विचारलं.

चिंचवडच्या त्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर अंजली होती, तिच्यामागं धम्मरत्न उभा, आणि स्टुलावर त्याची आई, कस्तुराबाई. आईच्या ओव्यांचं पुस्तक धम्मरत्न स्वतःच काढत होता आणि पिंपरीत रस्त्याकडेला बसून स्वतःच विकणार होता. ओव्या त्यानंच लिहून घेतल्या होत्या, कारण कस्तुराबाईंना अक्षरओळख नव्हती. "पुस्तक माझं, पण मला परकंच की रे," असं त्या सकाळपासून दोनदा म्हणाल्या होत्या.

त्यात हा पत्ता. मागच्या पुस्तकावर त्यानं मोठ्या हौसेनं ‘पुलाखाली’ असं छापलं होतं. पुस्तक बाहेर यायला आणि पुलाखालचे स्टॉल हलायला एकच गाठ पडली. तळेगावचे एक म्हातारे मास्तर येऊन चकरा मारून हात हलवत परत गेले. ते त्याला अजून लागत होतं. आता तो मंडईच्या भिंतीला टेकून बसतो, पण तिथून कधी उठवतील याचाही नेम नाही.

"फोन नंबर आहे की," अंजली म्हणाली.

"आईच्या वयाची माणसं नंबर लावून येतात व्हय? विचारत विचारत येतात."

अंजली लायब्ररीचा कोर्स करत होती, आणि जुनं काही दिसलं की तिला राहवायचं नाही. तिनं स्क्रीनवर एक पिवळट पान उघडलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकाचं पहिलं पान.

"हा पुस्तकवाला पण तुमच्यासारखाच, दादा. स्वतः काढायचा, स्वतः विकायचा. दुकानांना तेव्हा पत्त्याचे नंबर नव्हते. म्हणून खाली छापलंय, घंटेच्या पाटीपाशी मिळेल."

"घंटाच का?"

"कुणाची घंटा, कुणाचा सिंह. दारावर चित्र टांगायचे. वाचता न येणाऱ्यालाही दुकान सापडायचं."

धम्मरत्न पुढं वाकला. "आणि तिथून उठावं लागलं तर?"

"मोठी आग लागली होती तिथं. पुस्तकवाल्यांची दुकानं गेली. काहींनी दुसरीकडं तीच खूण परत लावली."

"आपल्याकडं कुठली खूण," धम्मरत्न म्हणाला. "एक निळी छत्री हाय डोक्यावर. ती पण फाटकी."

"परवा भंगारात देत होतास," कस्तुराबाई म्हणाल्या. "मी आडवी आले म्हणून ऱ्हायली."

अंजलीनं ‘निळ्या छत्रीखाली मिळेल’ असं टाइप केलं, शेजारी एक छोटी छत्री काढली आणि पान छापून कस्तुराबाईंच्या हातात दिलं.

वर मोठ्या अक्षरांत त्यांचंच नाव होतं. त्यावरून त्यांची नजर नुसतीच गेली. मग बोट सावकाश खाली सरकत आलं आणि छत्रीवर थांबलं.

"आपलं दुकान," त्या म्हणाल्या. "एवढं वाचलं बघ मी."