नाक्यावरचा पियानो

“वाजवून दाखवा, बाई,” वनरक्षक देवराव अंजनाबाईंना म्हणाले.

टेम्पो अहेरीच्या अलीकडच्या वननाक्यावर अर्ध्या तासापासून उभा होता. मागे गोधड्यांत गुंडाळून दोरखंडानं आवळलेला पियानो होता. नागपूरच्या एका बंद पडलेल्या शाळेकडून अंजनाबाईंनी तो विकत घेतला होता. पावती होती. पावतीवर ‘जुना पियानो, एक नग’ असं स्वच्छ लिहिलंही होतं. पण देवरावांनी पियानो सिनेमात पाहिला होता. तो आडवा असतो, त्याचं झाकण वर केलेलं असतं आणि शेजारी उभी राहून कुणीतरी रडत असतं. हे तर गोधड्या सोडल्यावर भिंतीला लावायचं उभं कपाट निघालं, आणि तेही सागवानाचं. लाकडाला वाहतूक पास लागतो. तो नव्हता.

या भागातून सागवान बाहेर जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. अहेरीत बाहेरून सागवान चोरून आणणारा महाभाग अजून जन्माला यायचा होता. देवरावांना नेमका त्याचाच संशय आला. जाणाऱ्या लाकडाच्या सगळ्या युक्त्या त्यांना तोंडपाठ होत्या, येणाऱ्याची ही पहिलीच. त्यांनी टेप काढून लांबी, रुंदी, उंची मोजली आणि वहीत घनमीटर मांडले.

बसची वाट पाहणारी बाजारकरी माणसं टेम्पोभोवती जमली. लटारू सुतारानं पियानोवर बोटांनी ठोकून पाहिलं आणि आतून पोकळ असल्याचं जाहीर केलं. पोकळ म्हटल्यावर आत काय दडवलं असेल, यावर प्रत्येकाचं मत तयार होतं. ड्रायव्हर मिथुननं झाकण उघडून एक पट्टी दाबली. आवाज आला. देवराव काही बधले नाहीत. मागच्या वर्षी एका वरातीत बँडच्या ढोलांखाली सागाच्या फळ्या सापडल्या होत्या, तेव्हापासून त्यांचा संगीतावरचा विश्वास उडाला होता. बाईंना वाजवता येत असेल तर हे वाद्य, नाहीतर माल वनखात्याच्या लाकूड डेपोत जमा, असा त्यांनी निकाल दिला. डेपोत माल उघड्यावर पडतो. साहेबांची सही होईपर्यंत वाळवी निम्मं काम उरकून घेते.

अंजनाबाई चौतीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका. चारचौघांत त्यांची एकही गोष्ट कधी चुकली नव्हती. जी नीट येत नाही ती त्या चारचौघांत करतच नसत. सायकलसुद्धा त्या भर उन्हाळ्याच्या दुपारी, गाव झोपलेलं असताना शिकल्या होत्या. पियानोचा बेतही तसाच होता. दार लावून दोन वर्षं शिकायचं आणि मग पाहुण्यांसमोर अगदी सहज वाजवायचं, जणू काही विशेष नाही. नागपूरचे अतुल सर मोबाइलवर शिकवत होते. तीन धडे झाले होते, तेही पुठ्ठ्यावर स्केचपेननं काढलेल्या पट्ट्यांवर. पुठ्ठ्याचा एक गुण म्हणजे तो चुकांचा बोभाटा करत नाही.

पण पियानो त्यांना हवा होता. बी.एड.च्या वर्षी नागपुरात एका शाळेच्या सभागृहात त्यांनी चोरून एक पट्टी दाबली होती. तो आवाज चाळीस वर्षं कानात राहिला होता. नोकरी, संसार, बदल्या यांत त्यांनी स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एकच वस्तू होती, आणि आता ती डेपोत सडणार होती.

टेम्पोच्या पुढच्या सीटवरून गुणवंतरावांनी नवऱ्याचं कर्तव्य बजावलं. “राहू दे ना वं. जाऊ दे डेपोत. चार लोकांत काऊन हसं करून घेते?”

अंजनाबाई टेम्पोत चढल्या. मिथुननं खताचं पोतं दुमडून बसायला दिलं. त्यांनी पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि एका बोटानं पहिला धडा सुरू केला. पाच पट्ट्या वर जायचं, पाच पट्ट्या खाली यायचं. तिसऱ्या पट्टीवर बोट घसरलं. चुकलं की पहिल्यापासून, अशी अतुल सरांची शिस्त होती. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी चौथी पट्टी प्रवासात अडकली होती, ती नखानं उचलावी लागली. पुन्हा पहिल्यापासून. मग त्यांनी दोन पट्ट्या एकदम दाबल्या आणि टेम्पोखाली झोपलेलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं.

आधी एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मग सगळे हसले. गुणवंतरावांना अचानक जंगलाची शोभा पाहावीशी वाटली. अंजनाबाईंचे कान तापले, डोळे भरून आले, समोरच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी हात उचलला नाही. चौथ्या खेपेला त्या रडत रडत पाच पट्ट्या वर गेल्या आणि पाचही पट्ट्या खाली उतरल्या.

देवरावांनी वही मिटली, नाक्याचा बांबू वर केला आणि मिथुनला गाडी काढायची खूण केली.

लटारूला हे पटलं नाही. याला वाजवणं म्हणत असतील तर आपण रोज रंधा मारतो तेही गाणंच झालं, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि देवरावांना जाब विचारला.

“म्हनूनच सोडून राह्यलो ना भाऊ,” देवराव म्हणाले. “चोरीचा माल असता तं वाजवनारा चांगला धरून आनला असता. एवढं खराब फक्त खरा मालकच वाजवते.”