उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव

पडद्यावरच्या नकाशात लोहगड पुन्हा अरबी समुद्रात गेला, तेव्हा अरुंधतीने लॅपटॉप सरांच्या पुढ्यात सरकवला. "आता तुम्हीच सांगा सर, ही फाइल वाचायची कशी?"

शरच्चंद्र सर निवांत चहात खारी बुडवत होते. मावळातला कुठला डोंगर पावसात घसरेल याचं गणित त्यांनी नोकरीत असताना केलं होतं. उत्तरं मात्र अशा फाइलीत कोंबली होती, की ती फक्त त्यांच्या जुन्या संगणकालाच कळायची. तो संगणक केव्हाच भंगारात गेला. आता तीच उत्तरं कुठंही उघडेल अशा फाइलीत घालून उद्याच्या बैठकीआधी तहसील कचेरीत द्यायची होती. पावसाळ्याआधी कुठल्या वस्त्या हलवायच्या, ते त्यावरून ठरणार होतं.

"अगं, प्रत्येक ओळीच्या आधी आणि नंतर त्या ओळीची लांबी लिहिलेली असते. ती गाळायची. सगळ्यांना ठाऊक होतं."

"सगळे म्हणजे कोण?"

"मी आणि गोगटे."

"मग गोगट्यांचा नंबर द्या."

"ते वारले."

अरुंधतीने कपाळाला हात लावला. एवढा विद्वान माणूस, पण चार शब्द लिहून ठेवायला हात दुखत होते का, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. खिडकीपाशी हौशीराम बसला होता म्हणून तिने ते गिळलं.

मळवलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी हौशीरामची वाडी. गेल्या पावसाळ्यात वाडीच्या वर जमिनीला भेग पडली. आपल्याला हलवणार की नाही, एवढंच ऐकायला तो सकाळपासून थांबला होता. त्याचा चहा तसाच निवून गेला होता.

तिने ते लांबीचे आकडे गाळले. लोहगड जागेवर आला, पवनेचं धरण जागेवर आलं, डोंगरांचे उतार लाल-पिवळे झाले. सुटलो एकदाचे, असं वाटून तिने वाडीवर बाण नेला. तिथला चौकोन पांढराच होता आणि आकडा आला उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. शेजारच्या चौकोनातही तोच.

"परत घोळ," ती करवादली. "सर, अजून काय गाळायचं राहिलंय?"

सरांनी चष्मा चढवून पाहिलं. "काही नाही. बरोबर आलंय हे. जिथलं गणित केलं नाही, तिथं हा आकडा भरायचा. पद्धतच आहे ती."

"आणि केलं का नाही?"

"वस्तीजवळच्याच उतारांचं करायचं ठरलं होतं. आमच्या नकाशात तिथं वस्ती नव्हती."

अरुंधतीने लॅपटॉपवरचा हात काढला. चिडायचंही तिच्यात त्राण उरलं नाही. हौशीराम उठून जवळ आला आणि पडद्यावरच्या त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत राहिला.

"माझा बा तितंच जलमला," तो म्हणाला. "भेग पडली तवा आमी समदी तितंच निजलोतो. आता उद्या सायबाला काय सांगू ताई, आमी कुटं ऱ्हातो म्हनून?"