उभ्या गाडीचा क्लेम

अंगणात उभ्या असलेल्या संयोगिताच्या गाडीवर तिच्या वडिलांनी, आण्णांनी, रिव्हर्स घेताना ट्रॅक्टर घातला. दाराला चांगलाच पोचा पडला.

"क्लेम टाक की. विमा कंपनी भरून देईल," आण्णा म्हणाले.

"चूक कुणाची, हे त्यात बघत न्हाईत, आण्णा. क्लेम घेतला की चार वर्षं क्लेम न घेतल्याची माझी सवलत गेली आणि हप्ता वाढला. आणि तुमची अट?"

विश्रामबागेतल्या नोकरीसाठी गाडी देताना आण्णांनी बजावलं होतं, "पोरींना गाडी झेपत न्हाई. एक जरी क्लेम झाला, तर गाडी परत घेणार."

आण्णांनी पोच्यावरून हात फिरवला.

"दुरुस्ती माझ्याकडनं," ते म्हणाले. मग ट्रॅक्टरची किल्ली त्यांनी तिच्या हातावर ठेवली. "धर. ह्यो शेडात आता तूच लाव."