खात्रीचं राज्य

“टीव्हीवर जाहिरात, की सभा?” प्राचीने विचारलं.

“सभा. टीव्ही बंद करता येतो. म्होरं उभा असलेला माणूस बंद करता येत नाय.”

प्राचीने लॅपटॉपवर सभा निवडली. खेळात तिचा बाप, नागू, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार होता आणि प्रचाराचे पाच दिवस उरले होते. खऱ्यात तो पोशीरच्या ग्रामपंचायतीला उभा होता आणि तीनच दिवस उरले होते. मागच्या वेळी तो सात मतांनी पडला. या वेळी पडलो तर पुन्हा उभा राहणार नाही, असं त्याने घरात सांगून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं. भर दुपारी प्रचाराला जाता येत नाही. तो ओटीवर नुसत्या फेऱ्या मारत होता, म्हणून प्राचीने त्याला खेळायला बसवलं. संख्याशास्त्राची पदवी घेतल्यापासून असले खेळ उघडून आतलं गणित बघायचा तिला नाद होता.

“वादविवादाची तयारी करायची?”

“भांडणाची तयारी कशाला? ते आयतं येतं.”

मागच्या दाराशी प्राचीची आई, मैना, भिजवलेले वाल सोलत होती. ती हसली, पण तिने वर बघितलं नाही.

नागूने तीन दिवस पेनसिल्व्हेनियाला दिले, दोन मिशिगनला.

“मिनेसोटा राहिलं, बाबा. खेळातलं तुमचं घरचं राज्य. जिंकलं की त्याची दहाच्या दहा मतं तुमची.”

“गडद रंग हाय त्याचा. म्हंजे खात्रीचं ना? मग तिकडं कशाला दिवस घालवायचा? घरच्यांपुढं हात जोडत बसू?”

प्राचीने बटण दाबलं. पेनसिल्व्हेनिया आलं. मिशिगन आलं. नागूने मांडीवर थाप मारली. सगळ्यात शेवटी मिनेसोटाचा रंग बदलला. नागूची मतं दोनशे बासष्टवर थांबली. जिंकायला दोनशे सत्तर लागत होती.

“माझंच गाव उलटलं?”

“उलटलं नाही.” प्राचीने आकड्यांचा तक्ता उघडला. “हे बघा. समोरच्याला जास्त मतं पडलीच नाहीत. तुमचे लोक घरी बसले. जिथे उमेदवार फिरकत नाही तिथलं मतदान घटतं, असं यात धरलंय.”

“ते अमेरिकेचं झालं.”

“तुमची वही बघू?”

वहीत वॉर्डातली एकशे दहा घरं होती. घरासमोर मतं, मतांसमोर शेरा. ‘हिरामण. चार. खात्री.’

“ही चार कोणी सांगितली?”

“हिरामणनी. म्हणाला, नागूभाऊ, घरातली चारी तुमची.”

“आणि सुरेखाकाकी काय म्हणाली?”

“ती आत व्हती.”

प्राची पानं उलटत गेली. प्रत्येक घरापुढे एका पुरुषाचं नाव होतं. वॉर्डातली निम्मी मतं आत होती.

“सुरेखाचं ऱ्हाऊ दे गं,” मैना म्हणाली. “मला तरी कोणी इचारलंय?”

नागू हसला. “तुला काय इचारायचं?”

मैना हसली नाही. ती वाल सोलत राहिली. सालं एकीकडे, डाळिंब्या एकीकडे.

नागूने प्राचीकडे बघितलं. प्राची वहीकडे बघत होती.

मग तो उठला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, गठ्ठ्यातलं एक पत्रक घेतलं आणि मैनासमोर जाऊन उभा राहिला. एकशे नऊ घरांत त्याने हात जोडले होते. इथे ते कितपत वर न्यावेत हे त्याला कळेना.

“मैना, रविवारी मत दे मला.”

“पाण्याचं काय करणार?”

“येतंय की नळाला.”

“किती वाजता?”

सव्वीस वर्षं नागू खोपोलीच्या कारखान्यात जात होता. पहाटे निघायचा, दिवेलागणीला यायचा.

“दुपारी दोनला येतं, तीनला जातं,” मैना म्हणाली. “तवा निम्म्या बाया फार्महाऊसवर फरशा पुसत असतात. घरी आल्या की हंडे घेऊन हातपंपावर.”

“कधीपासनं?”

“झाली चार वर्सं.”

“मला कधी बोलली नाय.”

“तुमी येता तवा भांडी भरलेली असतात.”

नागू तिच्याशेजारी खाली बसला. हातातलं पत्रक वाचलं. रस्ता, कमान, दिवे, व्यायामशाळा. त्याने ते पालथं केलं आणि पेनाने लिहिलं, ‘पाणी’.

“किती वाजता पायजे?”

“मला सकाळी सहाला चालेल. पन सुरेखाला नाय चालायचं, ती सहालाच घर सोडते. तिलाच इचारा ना.”

तो लगेच उठला, वही काखेत मारली आणि ओटीकडे वळला.

“तिकडनं कुठं चालला? सगळ्या ओट्यांवर पुरुष आडवे झालेत. साडेतीन झाले, बाया आता कामावरनं आल्या असतील. त्या मागं भेटतील.”

नागू मागच्या दाराने बाहेर पडला. घरांच्या पाठीमागून एक वाट जात होती. दोरीवर वाळणारी लुगडी, राखेचे ढीग, उपडे हंडे. लहानपणानंतर तो या वाटेने गेला नव्हता. दहाबारा पावलं गेला असेल, तेवढ्यात पुढून एक कुत्रं भुंकलं, त्याच्यामागून दुसरं. नागू जागीच थांबला.

मैनाने वालाचं ताट प्राचीकडे सरकवलं आणि हात पदराला पुसले.

“थांबा,” तिने हाक दिली. “येते मी. हिकडची कुत्री तुमाला वळखत नायत.”