घराण्यात कुणी नाही

मूल होण्यासाठी घेतलेले उपचार आणि स्वमग्नता यांचा काही संबंध आहे का, याचा अभ्यास करणाऱ्या बाई घरी आल्या होत्या. प्रश्न सुनेला होते, उत्तरं सासूबाई देत होत्या.

"दवाखान्यात नळीत घडवलेलं पोर, दुसरं काय होणार? आमच्या घराण्यात असं कुणी नाही!"

नातू टेबलावरच्या कपांचे कान खिडकीकडे वळवत होता. बाईंनी घोट घेऊन आपला कप कान दुसरीकडे करून ठेवला. नातवाचा हात पोचायच्या आत आजोबांनीच उठून कपाचा कान खिडकीकडे वळवला.

"त्यांना लहानपणापासून शिस्तच लागते," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

सून आता मात्र बोलली.

"मॅडम, आजोबांच्या वेळी त्यांच्या आईने कुठले उपचार घेतले होते, तेही विचारा ना."