डावं वळण

जीप डावीकडं वळायला तयार नव्हती. पर्वत पाटिया भागात कापडाच्या गोदामांमागं मोकळं मैदान होतं, तिथं मगननं खुणेला एक दगड ठेवला होता. त्याला डावा वळसा घालता घालता जीप पुन्हा लांब गेली आणि थेट बाभळीच्या झुडपात घुसली.

उखानानानं ब्रेक दाबला आणि शेजारी बसलेल्या मगनकडं जिंकल्यासारखं पाहिलं.

"देखं का? मी काय सांगस! तुनं लॉक ओढस गाडीले. वळूच देत नही."

मगन मेकॅनिक होता, नात्यानं नसला तरी गावानं पुतण्या लागत होता. मागच्या चाकांचं हे लॉक त्यानंच बसवलं होतं. पावसाळ्यात गोडादऱ्याच्या गल्ल्यांत गुडघाभर चिखल व्हायचा. मागचं एक चाक रुतलं की ते जागच्या जागी गरगर फिरायचं आणि दुसरं नुसतं बघत बसायचं. लॉकनं दोन्ही चाकं जोडीनं फिरू लागली आणि जीप चिखलातून निघू लागली. पण कोरड्या रस्त्यावर हीच जोडी नडते. वळताना आतल्या चाकाला हळू चालायचं असतं, बाहेरचं त्याला तसं चालू देत नाही. मग टायर किर्र खरडतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळ पळू बघते. एका दाव्याला बांधलेले दोन बैल, दुसरं काय!

हे मगननं आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून उखानाना सगळं खापर लॉकवर फोडत होता. भाजीवाल्याची हातगाडी घासली, लॉकमुळं. काल पांडेसऱ्याच्या वळणावर एक सायकलवाला चाकाखाली यायचा राहिला, तोही लॉकमुळं. मागं गाडीभर बायका होत्या, मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायला निघालेल्या. त्या किंचाळल्या म्हणे.

"उजवीकडे वळाडा बरं, नाना," मगन म्हणाला.

उजवीकडं जीप लोण्यासारखी वळली. कुठं खरखर नाही की कुरकुर नाही.

"आते डावीकडे. गिअर बदलीसन."

उखानानाचा डावा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला. उजव्या हातानं स्टिअरिंग सोडलं, तो पोटावरून आडवा आला, त्यानं गिअर टाकला आणि तो परत गेला. तोवर जीप आपल्या मनानं सरळ निघाली होती.

मगनला आता शंका उरली नाही. लॉक नडलं तर दोन्ही अंगांना सारखंच नडतं, त्याला डावं-उजवं कळत नाही. नाना मात्र रोज डाव्याच वळणाचं गाऱ्हाणं आणत होता.

"नाना, गाडी बंद करा."

"का बरं?"

"लॉक मी परवाच काढी टाकं. ऑइल बदलाले गाडी ठेयेल व्हती ना, तवयच."

"मस्करी करस का रे?"

मगननं मान हलवली. पुढचं बोलायला त्याला फार जड गेलं. "कालदिन तो सायकलवाला... तवय गाडीमा लॉक नव्हतंच, नाना."

उखानाना हसला. मग त्यानं गाडी पुन्हा सुरू केली, स्टिअरिंग उजवीकडं पार शेवटापर्यंत वळवलं आणि मान बाहेर काढून ऐकू लागला. जीप गोल फिरली. टायर गपगुमान फिरत होते. त्यानं आणखी एक फेरा घेतला, मग आणखी एक. मगनला त्याला थांबवायचं धाडस झालं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे म्हणायला सोपं आहे. पण ज्याचे पायच निकामी होत चालले, त्यानं अंगणाला नाही तर कुणाला वाकडं म्हणायचं?

शेवटी त्यानं क्लच न दाबताच ब्रेक मारला, तसं इंजिन बंद पडलं.

"कवयपासून?" मगननं विचारलं.

"होळीपासून. बिडी बोटस्मातून पडी जास. मी म्हनं, व्हई जाई बरं."

"डॉक्टरले दाखाडं?"

"नही. डॉक्टर सांगी, गाडी सोड. गाडी सोडीसन मी करू काय रे? मंग मी शे तरी कोन?"

आणि उखानाना रडू लागला. आपल्या बापाच्या वयाचा माणूस असा समोर रडताना मगननं कधी पाहिला नव्हता. कुठं बघावं ते त्याला कळेना, म्हणून तो गाडीच्या आरशाकडं बघत राहिला.

मैदानाच्या कडेनं मिलला जायच्या रोजच्या बायका येताना दिसल्या. डबे, पिशव्या, हसणं-खिदळणं. उखानानानं घाईघाईनं तोंड पुसलं, खाली उतरला आणि चावी मगनच्या हातात दिली.

"तू चालाड. बायकास्ले सांग, लॉक बिघडनं."

मगननं तसं सांगितलं. एरवी गाडीला जरा उशीर झाला तरी या बायकांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. आज त्या एकमेकींकडं बघत मागं चढल्या. पुढच्या डाव्या सीटवर रोज धुरपदाबाई बसायची, ती सगळ्यांत वयानं मोठी. ती काही न विचारता मागं जाऊन बसली.

उखानाना त्या सीटवर चढला. जीपला दार नव्हतं, दाराच्या जागी पडू नये म्हणून एक साखळी होती. तो डाव्या हातानं तिचा आकडा अडकवू लागला. आकडा निसटला. त्यानं पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मगन चावी धरून समोर बघत राहिला.

धुरपदाबाई मागून उतरली, पुढं आली आणि तिनं बाहेरून साखळी लावली.

"धरीसन बसा, नाना," ती म्हणाली. "उजवा हातनी."