खेळातली चार मिनिटं

“फोन तिकडे शेल्फवर ठेव, गिरीश. श्राद्धाचं जेवण आहे,” एकनाथ म्हणाला.

गिरीशनं फोन ठेवला, पण स्क्रीन वर करून. पावणेतीन वाजले होते. मॅच बाराला सुरू झाली होती. त्याच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमनं या सीझनला अकरापैकी अकरा सामने जिंकले होते आणि आज गटातल्या जुन्या वैऱ्यांशी शेवटचा सामना होता.

एकनाथच्या बायकोची, मीनाक्षीची वर्षाची तिथी खरं तर मागेच होऊन गेली होती. पण इथे अमेरिकेत सगळंच शनिवारी होतं, त्यामुळे गुरुजींनी काही विचारलं नाही. ते विधी उरकून, डबा घेऊन मॉरिसव्हिलला दुसऱ्या पूजेसाठी निघून गेले. हा शनिवार आणि बाराची वेळ एकनाथनं ठरवली होती, मॅचचं टाइमटेबल बघून. आणि जेवायला बोलावलं होतं फक्त दोघांना. मीनाक्षी सवाष्ण गेली म्हणून रेणूला, आणि मीनाक्षीचा सख्खा भाऊ म्हणून रेणूच्या नवऱ्याला, गिरीशला.

एकनाथनं वडे वाढले, आमसुलाची चटणी वाढली. एकेक पदार्थ आणायला तो आत जायचा. ओट्यावर त्याचा फोन चालू होता, आवाज बंद करून. सप्टेंबरपासून तो दर शनिवारी हा खेळ बघत होता, गिरीशच्या टीमसमोर जी टीम असेल तिच्या बाजूनं. अकराही टीम हरल्या होत्या. आजची मात्र पुढे होती.

कढीचं पातेलं घेऊन तो बाहेर आला. “तीन पॉइंटनी मागे आहात तुम्ही,” तो म्हणाला.

गिरीशनं मान वर केली. “दाजी, तुम्ही फुटबॉल फॉलो करता?”

“शिकलो.”

“बघा,” रेणू हसली, “मला बारा वर्षांत यांनी शिकवलं नाही, आणि दाजी आपले आपण शिकले.”

“किती टाइम राहिलाय?” गिरीशनं विचारलं.

“चार मिनिटं.”

गिरीश अर्धा उठला. “दाजी, प्लीज, टीव्ही लावू का जरा? चारच मिनिटं, यार. लगेच येतो पानावर.”

“बस,” एकनाथ म्हणाला. “तुझी चार मिनिटं म्हणजे किती, ते आता मला कळतं.”

गिरीश बसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

“बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं,” एकनाथ कढी वाढत म्हणाला. “टाइमआउट घेतला की थांबतं. मग जाहिराती. मला काय माहीत? मी क्रिकेट बघणारा माणूस. गेल्या वर्षी त्या दिवशी तू मेसेज केलास, चार मिनिटं राहिलीत, संपली की निघतो. तुझं घर दहा मिनिटांवर. मी मीनाक्षीला सांगितलं, गिरीश पंधरा मिनिटांत येतोय. मला वाटलं, चार म्हणजे चार.”

“दाजी, आज नको ना,” रेणू म्हणाली.

“आजच. ती मॅच ओव्हरटाइमला गेली. हा सव्वा तासानं आला. तोवर ती गेली होती.”

गिरीशचा हात भातात तसाच राहिला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज चढला होता. “मला काय माहीत होतं ती त्याच दिवशी जाणार? तुम्ही फोन का नाही केलात? आणि मीही वर्षभर एक गोष्ट विचारलेली नाही, दाजी. घरी येणाऱ्या नर्सनं मला सांगितलं होतं, दुखण्यावरच्या औषधाचा दुपारचा डोस तुम्ही दिलाच नव्हता. ताई तळमळत होती आणि औषध तुमच्या हातात होतं. ते का?”

“गिरीश, पुरे,” रेणू म्हणाली.

“नाही, विचारू दे,” एकनाथ म्हणाला. याच प्रश्नाची तो वर्षभर वाट बघत होता. त्यानं पातेलं खाली ठेवलं. “तिनं देऊ दिला नाही.”

“का?”

“औषध घेतलं की तिला झोप लागायची. म्हणाली, गिरीश येईल तेव्हा मला जागं राहायचंय. तोंडात औषध सोडायची ती सिरिंज मी दोनदा ओठांशी नेली. दोन्ही वेळा तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. मग घड्याळाकडे बघत राहिली. भिंतीवरच्या. ते थांबत नव्हतं.”

शेल्फवर गिरीशचा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

एकनाथ आत गेला आणि ओट्याशी उभा राहिला. फोनवरचं घड्याळ थांबत होतं, चालत होतं, पुन्हा थांबत होतं. दोन मिनिटं. जाहिरात. चाळीस सेकंद. बाहेरून भांड्याचाही आवाज नव्हता. यजमानानं गोड वाढेपर्यंत श्राद्धाच्या पानावरून उठत नाहीत, म्हणून ती दोघं कढी गार होताना बघत बसली असणार. बसू देत, असं त्याला वाटलं. ही टीम आज एकदा हरावी, गिरीश पानावर अडकलेला असताना हरावी, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटच्या नऊ सेकंदांत गिरीशच्या टीमचा एक पोरगा बॉल छातीशी धरून रेषेपलीकडे जाऊन पडला. मागून सगळं स्टेडियम उभं राहिलं, आवाजाशिवाय.

एकनाथनं फोन बंद केला. लाडवांचं ताट उचलून तो बाहेर आला. गिरीश मान खाली घालून रडत होता, उष्टा हात पानातच ठेवून.

एकनाथनं त्याच्या पानात एक लाडू ठेवला. मग आणखी एक.

“घे,” तो म्हणाला. “जिंकलात तुम्ही. बाराच्या बारा.”